बुलेरीआसच्या वर्तुळात एकट्याने उतरताना

फ्लामेंको या स्पॅनिश नृत्याच्या वर्गात बसवलेला नाच न अडखळता करणारी माणसेही कार्यक्रमाच्या शेवटी बुलेरीआस हा फ्लामेंकोतला जलद लयीचा प्रकार सुरू झाला आणि सगळे अर्धवर्तुळात उभे राहून एकेकाला पुढे बोलावू लागले की मागे सरकतात. अशा वेळी ‘मनात येईल ते नाचा’ असा सल्ला दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे, कारण घाबरलेल्या मनात काहीही येत नाही. ऐन वेळी नव्या हालचाली शोधायच्या नसतात. अंगवळणी पडलेल्या मोजक्या हालचाली कधी करायच्या, एवढेच गाणे ऐकून ठरवायचे असते.

बारा मात्रांचे आवर्तन पक्के हवे. 12, 3, 6, 8 आणि 10 या मात्रांवरचे आघात जलद लयीत टाळ्यांनी दहा मिनिटे सांभाळता येत नसतील, तर आधी तेवढेच करावे.

हाताशी चारच गोष्टी ठेवाव्यात: गाण्यासोबत करायची साधी चाल, गायकाला साद घालणारी ‘यामादा’, ओळ बंद करणारा छोटा ‘रेमाते’ आणि बाहेर पडण्याची चाल.

खरी परीक्षा गायक गाऊ लागल्यावर होते. स्पेनमधील हेरेस दे ला फ्रोन्तेरा या बुलेरीआसच्या माहेरी मी पहिल्यांदा वर्तुळात उतरले, तेव्हा भीतीपोटी पहिल्याच ओळीवर पायांचा कडकडाट सुरू केला. गायकाचा आवाज त्याखाली दबला आणि टाळ्या देणाऱ्यांचे चेहरे उतरले. माझी एकही मात्रा चुकली नव्हती, तरीही तो नाच चुकीचा होता. भीती वाटली की रिकामी जागा भरून काढावीशी वाटते, आणि नेमके तेच करायचे नसते. ओळ चालू असताना चाल साधी ठेवावी, नजर जमिनीवर न खिळवता गायकाकडे असावी. आवाज उतरून ओळ मिटते आणि तो श्वास घेतो, ती जागा तुमची. स्पॅनिश शब्द कळले नाहीत तरी तो उतार कानाला कळतो.

तो ओळखण्यासाठी मी आठवडाभर नाचलेच नाही: ध्वनिमुद्रणे लावून खुर्चीत बसायचे, टाळी द्यायची आणि ओळ कुठे मिटणार याचा अंदाज घेऊन तिथे एकदाच पाय आपटायचा. त्यानंतरचा आठवडा फक्त चालण्याचा, आणि मग संपूर्ण कडव्यात एकच रेमाते, अधिक नाही. माझी धास्ती या सरावाने गेली. आरशासमोर शंभर नवे तुकडे घोटून ती वाढलीच होती.

कथक शिकलेल्यांनी विशेष सांभाळावे. समेवर येण्याची ओढ इतकी खोल असते की तुकडा आवर्तनाच्या आरंभावर जाऊन आदळतो, पण बुलेरीआसमध्ये तो बहुधा दहाव्या मात्रेवर बंद होतो आणि 11 व 12 मोकळ्या सुटतात. त्या दोन मात्रांत स्थिर उभे राहण्याचा वेगळा सराव करावा.

मात्रा हरवलीच तर पाय थांबवून टाळी द्यावी आणि पुढच्या 12 वर परत यावे. ताल बाकीच्यांनी धरलेलाच असतो.

कडवे संपले की पायांचा एक छोटा तुकडा करावा आणि तालात चालत आपल्या जागी परतून पुढच्या माणसासाठी टाळ्या धराव्यात.