मेलबर्नमध्ये सामना बघायला जाताय? आधी रुळांची बाजू बघा

मेलबर्नचा क्रीडापरिसर यारा नदीकाठी, शहराला लागूनच आहे. पण त्याच्या मधून रेल्वेचे रूळ जातात, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. रुळांच्या उत्तरेला एमसीजी, म्हणजे लाखभर प्रेक्षकांचं क्रिकेट मैदान, जिथे १९५६चं ऑलिंपिक झालं. दक्षिणेला टेनिसचं मेलबर्न पार्क: रॉड लेव्हर, मार्गारेट कोर्ट आणि जॉन केन ही तीन उघडझाप छतांची स्टेडियम्स. त्यांच्याही पलीकडे फुटबॉल-रग्बीचं आमी पार्क.

टेनिसला जायचं असेल तर ७० नंबरची ट्राम सोयीची. एमसीजीला जाताना मात्र फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवर उतरून सरळ चालत जा. बिरारंग मार बागेतून विल्यम बराक पूल लागतो, तो रुळांवरून थेट मैदानाच्या बाजूला नेतो. रमतगमत गेलात तरी वीसेक मिनिटं. भारताचा सामना असेल तर या पुलावरच ढोल-ताशांचा आवाज कानावर येतो, आणि ती गर्दी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

परतीला रिचमंड स्टेशनकडे लोंढा वळतो. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर त्यात शिरू नका, आल्या वाटेनेच पुलावरून परत फिरा. काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत, मोठी सॅक मुक्कामीच ठेवा. आणि तिकिटावरचा गेट नंबर निघण्यापूर्वीच वाचा. चुकीच्या गेटवर पोहोचलात तर अख्ख्या मैदानाला वळसा पडतो.