चोवीस व्होल्टच्या जुन्या ट्रकमध्ये बारा व्होल्टची सोय

पाटण, जावळी, महाबळेश्वर या भागांतील कच्च्या वाटांवर चालणाऱ्या जुन्या, जड फोर-बाय-फोर डिझेल ट्रकांत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, जोडलेल्या असतात आणि गाडीचे सगळे वायरिंग २४ व्होल्टवर चालते. टेप, वायरलेस सेट, छोटा फ्रीज अशा वस्तू मात्र बाजारात बहुतेक १२ व्होल्टच्याच मिळतात. अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जिचा निगेटिव्ह चॅसिसला जोडलेला (अर्थ केलेला) असतो त्या खालच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट एक वायर ओढणे. आणि शेवटी तोच सर्वांत महागात पडतो.

साताऱ्यातील एका गॅरेजमध्ये माझ्या ट्रकचा टेप असाच जोडून दिला होता. टेप उत्तम वाजत असे. परंतु काही महिन्यांतच एका बॅटरीत वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावे लागू लागले आणि सकाळी सेल्फ मारताना दुसरी बसू लागली. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला, तेव्हा टेपच्या, म्हणजे खालच्या बॅटरीवर १३.१ आणि तिच्या पुढे जोडलेल्या वरच्या बॅटरीवर १५.२ व्होल्ट दिसले. दोन्हींची बेरीज २८.३, म्हणजे अल्टरनेटर अगदी ठीक होता. अल्टरनेटरचे व्होल्टेज राखणाऱ्या रेग्युलेटरला फक्त बेरीज कळते, वाटणी कळत नाही. जी बॅटरी टेपसाठी रोज थोडी रिकामी होते तिचे व्होल्टेज खाली राहते, त्यामुळे उरलेले सगळे दुसरीच्या वाट्याला येते. ती ओव्हरचार्ज होऊन पाणी आटवते आणि पहिलीच्या प्लेटांवर सल्फेट धरते. अशा जोडीतील एकच बॅटरी बदलून उपयोग नसतो, कारण नवी आणि जुनी एकत्र आल्या की हीच विषमता पुन्हा सुरू होते.

म्हणून दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकणारा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवावा. तो घेण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे लेबल वाचावे. कित्येक एलईडी वर्क लाइट आणि जीपीएस ट्रॅकर ९ ते ३० व्होल्टवर किंवा त्याहूनही अधिकवर चालतात. त्यांना कन्व्हर्टरची गरजच नसते. लेबलवर फक्त २४ ही कमाल मर्यादा असेल, तर मात्र ती वस्तू थेट जोडू नये, कारण चालत्या गाडीत व्होल्टेज २८ च्या पुढे जाते. टायरमध्ये हवा भरणारा १२ व्होल्टचा पंप बराच करंट ओढतो; त्याच्यासाठी मोठा कन्व्हर्टर घेण्यापेक्षा २४ व्होल्टचाच पंप घेणे शहाणपणाचे.

उरलेल्या वस्तूंचे अँपियर मिळवून त्यावर किमान चौथाई वाढ धरावी. फ्रीजचे ५, टेपचे ४ आणि चार्जरचे ३ अँपियर धरले, तर बेरीज १२ होते. तेथे २० अँपियरचा कन्व्हर्टर निवांत चालतो. तो स्विचिंग प्रकारचाच असावा. जुन्या पद्धतीचा लिनियर ड्रॉपर जास्तीचे व्होल्टेज नुसते उष्णतेत घालवतो: २८ वरून १३.८ वर येताना अवघ्या ५ अँपियरला ७१ वॅट जळतात, म्हणजे केबिनमध्ये सोल्डरिंग आयर्नच तापत ठेवल्यासारखे.

इनपुटची पॉझिटिव्ह वायर वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणि निगेटिव्ह वायर खालच्या बॅटरीच्या निगेटिव्हवरून घ्यावी. दोन बॅटऱ्यांमधल्या जोडाला हात लावू नये. २० अँपियरच्या कन्व्हर्टरला इनपुटकडे साधारण १३ अँपियर लागतात, त्यामुळे १५ अँपियरचा फ्यूज पुरतो, पण तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज डॅशबोर्डखाली बसवला, तर चॅसिसवर घासून सोललेल्या वायरचे रक्षण करणारे मध्ये काहीच उरत नाही. आउटपुटकडे प्रत्येक वस्तूला तिच्या मापाचा वेगळा फ्यूज द्यावा. जाडीत कंजुषी नको: २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपियर चार मीटर नेऊन परत आणताना अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते आणि फ्रीजला ती लगेच जाणवते. कन्व्हर्टर वस्तूंच्या जवळ बसवला, तर लांबचा पल्ला २४ व्होल्टवर, कमी करंटने पार पडतो.

कन्व्हर्टर रिकामा असतानाही थोडा करंट खातो, म्हणून तो चावीवर चालणाऱ्या रिलेमधून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) द्यावा. रिलेची कॉइल २४ व्होल्टचीच पाहून घ्यावी. दुकानात हाताला लागेल तो १२ व्होल्टचा रिले जोडला, तर कॉइल तापून जळते.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे या भागात वायरिंग बिघडते ते बहुधा अर्थच्या जोडावर. तेथील रंग पत्रा चमकेपर्यंत घासावा, थिंबल (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, बोल्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. पत्र्यातून वायर जाते तेथे रबरी ग्रोमेट हवेच. चॅसिसवर वेल्डिंग करण्यापूर्वी कन्व्हर्टर सोडवून ठेवावा आणि चालत्या इंजिनवर बॅटरीची टर्मिनल कधीही काढू नयेत. त्या क्षणी उसळणाऱ्या व्होल्टेजने कन्व्हर्टर जातो.

बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काम संपवल्यावर सगळ्या वस्तू आणि इंजिन चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. दोन्ही आकडे १४ च्या आसपास असावेत आणि त्यांत दोन-तीन दशांशांपेक्षा अधिक फरक नसावा. महिन्याभराने तीच मोजणी पुन्हा करावी. फरक वाढत असेल, तर जुनी १२ व्होल्टची एखादी वायर अजूनही मधल्या जोडावर लटकते आहे का, ते आधी शोधावे. माझ्या ट्रकमध्ये ती सीटखाली, इन्सुलेशन टेप गुंडाळलेली सापडली होती.