मॉरिस मायनरचा लिव्हर शॉक मऊ पडलाय?

जुन्या मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीचा लिव्हर शॉक (आर्मने हलणारा, तेल भरलेला शॉक ॲब्जॉर्बर) फेकण्याआधी तेल बघा. बरेच शॉक नुसते कोरडे असतात.

पुढचा शॉक काढायचा तर खालच्या आर्मखाली जॅक हवाच. शॉकचा आर्म हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा, त्यामुळे टॉर्शन बारचा (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) ताण तिथेच अडकलेला असतो. आधी बाहेरून डिझेल-ब्रशने घासून काढा. तेल भरायच्या प्लगभोवतीची माती आत पडली की व्हॉल्व्ह अडकतो आणि आर्म एका दिशेला सैल पडतो. प्लग काढून शॉक उलटा करा आणि जुनं काळं तेल निथळवा. भरायला २० ग्रेडचं फोर्क ऑइल (मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कमधलं तेल), ब्रेक ऑइल अजिबात नको. शॉक व्हाइसमध्ये उभा धरून थोडं थोडं तेल ओता आणि आर्म वरपासून खालपर्यंत सावकाश हलवत राहा. बुडबुडे थांबून दोन्ही दिशांना मध्ये न तुटता जड दाब लागला, की प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत भरा.

शाफ्टपाशी तेल झिरपत असेल तर आर्म शाफ्टजवळ धरून वरखाली ओढून पाहा. खडखडला तर सील बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी पुण्याजवळच्या भोसरीत एखाद्या लेथवाल्याकडून बुश (शाफ्ट फिरतो ती नळी) बसवून घ्या.