गोठवलेला उंदीर साप तोंडात धरत नाही तेव्हा

पाळलेला बॉल पायथन (छोट्या जातीचा अजगर) खाऊ म्हणून दिलेल्या गोठवलेल्या उंदरापुढे जीभ लपलपवतो आणि तोंड फिरवतो. दोष बहुतेक वेळा सापाचा नसतो, उंदीर थंड असतो. हा साप ओठांवरच्या खळग्यांनी भक्ष्याची ऊब टिपतो. गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नव्हे.

लागू पडलेला उपाय असा. आदल्या रात्री उंदीर झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट अर्धा तास कोमट पाण्यात. मग पोट बोटाने दाबून पाहायचं. आत कडक गोळा लागला तर बर्फ शिल्लक आहे. शेवटी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात काही मिनिटं, डोकं ३८ अंशांपर्यंत येऊ द्यायचं. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अंदाजपंचे काम टळतं. उकळत्या पाण्यात पोट फुटतं. मायक्रोवेव्हचा विचारही नको: कडेला शिजतं, मध्ये बर्फ, आणि वास मात्र घरभर.

उंदीर कोरडा पुसायचा, नाहीतर ओल्या केसांना सापाच्या पेटीतला भुसा चिकटतो. दिवे मंद करून लांब चिमट्याने पाठीमागून धरायचा, डोकं सापाकडे. एखादा हलका झटका पुरतो. नाचवलात तर भित्रा साप आणखी मागे सरतो.

तरी नाकारला तर लपण्याच्या जागेच्या तोंडाशी ठेवून दोन-तीन तास एकटं सोडायचं. मग फेकून द्यायचा, पुन्हा गोठवायचा नाही. उंदराची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकीच हवी. गिळल्यावर ४८ तास सापाला हात लावायचा नाही.