कंपन शमवणारा आणि वीज देणारा नमुना कसा करावा

नागपुरात वर्धा मार्गावरील दुमजली उड्डाणपुलाखाली उभे राहिले की बांधकामातील कंपने हा केवळ पुस्तकी विषय राहत नाही. त्यांच्या शमनाचे तत्त्व टेबलावरही पाहता येते.

पोलादी फूटपट्टीचे एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट आवळावे, मोकळ्या टोकाखाली निओडिमियम चुंबक चिकटवावा आणि तो हलताना आत-बाहेर जाईल अशी तांब्याच्या एनॅमल तारेची गुंडाळी खाली बसवावी. चुंबक कडेला घासू नये, कारण घर्षणामुळे पुढची सारी तुलना फसते. आता पट्टी दाबून सोडावी व ती थांबेपर्यंतचा वेळ मोजावा. मग गुंडाळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडून पुन्हा मोजावा. या वेळी कंपने लवकर विरतात, कारण लेन्झच्या नियमानुसार निर्माण होणारा प्रवाह स्वतःच्या कारणालाच विरोध करतो.

मात्र अशा वेळी सारी वीज तारेतच उष्णता होऊन जाते. ती वापरायची असल्यास गुंडाळीच्या रोधाइतकाच बाहेरचा रोध जोडावा. विद्युतचुंबकीय शमन तेव्हा जवळजवळ निम्मे होते, आणि शमन व वीज यांतली खरी तडजोड इथेच आहे. व्होल्टेज अल्प असल्याने एकदिशीकरणासाठी, म्हणजे उलटसुलट वाहणारा प्रवाह एकाच दिशेने वळवण्यासाठी, कमी व्होल्टेज खाणारे शॉटकी डायोड घ्यावेत.

साधे निओडिमियम चुंबक सुमारे 80 अंश सेल्सिअसपलीकडे क्षीण होतात, म्हणून वैशाखात नमुना टिनाच्या छतावर ठेवू नये.