शहरात रोज चालवायला १२५ ते १६० सीसीची बाईक घेताय? या चुका टाळा

सकाळी साडेनऊला पुण्याच्या कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदरला गाडीचा काटा चाळिशीच्या वर क्वचितच जातो. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा, ब्रेक, सिग्नल. रोजचं चालवणं म्हणजे एवढंच. तरी गाडी ठरवताना घरात आणि मित्रांत चर्चा होते ती टॉप स्पीडची, पीएसची (इंजिनच्या ताकदीच्या आकड्याची) आणि रीलमध्ये पाहिलेल्या डिजिटल मीटरची. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

कंपनीच्या ॲव्हरेजवर भाळणं

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्याचा नसतो. पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात चालवून तो काढतात. तिथे ना नळ स्टॉपचा सिग्नल, ना मागे बसलेला ऐंशी किलोचा मेहुणा.

शिवाय फरकाचे पैसे एकदा मांडून बघा. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याला ६० ॲव्हरेजच्या गाडीत सुमारे १६.७ लिटर पेट्रोल लागतं आणि ५० वालीत २० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर फरक साडेतीनशे रुपयांच्या आसपास. त्याहून कमी चालवत असाल तर आणखी कमी. तेवढ्यासाठी कंबर दुखवणारी सीट किंवा चढावर रडणारं इंजिन पाच-सात वर्षं सोसायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते नाही.

बजाजची फ्रीडम १२५ सीएनजीवर चालते आणि इंधनखर्चात ती खरंच स्वस्त पडते. पण टाकीत सीएनजी मावतो दोन किलो. म्हणजे पंप वाटेवर हवा आणि रांगेत उभं राहायची तयारी हवी. सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे. पाच फूट तीन इंचांच्या माणसाने आधी बसून पाहावं, मग हिशेब करावा.

पिकअपसाठी चुकीचा आकडा बघणं

होंडा युनिकॉर्न आणि टीव्हीएस अपाचे आरटीआर १६० ४व्ही शेजारी ठेवा. कागदावर अपाचे साडेसतरा पीएसची आणि युनिकॉर्न तेराची, म्हणजे सामना एकतर्फी. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मात्र दोन्हींचा साडेचौदा एनएमच्या आसपासच. फक्त युनिकॉर्नचा पूर्ण जोर सव्वापाच हजार आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना) मिळतो आणि अपाचेचा सव्वासात हजारांच्या आसपास. गर्दीत आपण इंजिन तीन-साडेतीन हजारांवर फिरवत असतो. तिथे युनिकॉर्न निवांत ओढते. अपाचेची मजा लुटायची तर मोकळा रस्ता हवा. गर्दीत ॲक्सिलरेटर न देता रांगत जाण्याची सोय अपाचेत आहे आणि ती कामाचीही आहे, पण गाडीचा स्वभाव काही बदलत नाही.

हे कागदावर कळत नाही, टेस्ट राइडमध्ये कळतं. शोरूमसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून परत येणं ही टेस्ट राइड नव्हे. संध्याकाळच्या गर्दीत न्या. तिसऱ्या गिअरमध्ये वेग पंचविसावर येऊ द्या आणि क्लच न दाबता हळूच ॲक्सिलरेटर द्या. इंजिन धडधडलं, टाकी थरथरली, तर ही गाडी तुम्हाला रोज शेकडो वेळा गिअर बदलायला लावणार. मग एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबून पुन्हा निघा. सिग्नलला उभं असताना पहिल्यातून न्यूट्रल सहज पडतो का ते पाहा. क्लचचा लिव्हर दहा मिनिटांनी मनगटाला जाणवतो का? एका दमात यू-टर्न बसतो का?

सीसी वाढवताना विमा विसरणं

नवीन दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला तो ३,८५१ रुपये आणि १५० च्या वर ३५० पर्यंत ७,३६५ रुपये, कर वेगळा. पल्सर १५० चं इंजिन १४९.५ सीसीचं, म्हणून ती खालच्या गटात राहते. युनिकॉर्न १६२.७ सीसीची, ती वरच्या. या फरकासाठी गाडी बदलू नका, पण कोटेशन हातात आल्यावर दचकूही नका.

खरा फरक ब्रेकमध्ये आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना सीबीएस पुरेसं ठरलं. सीबीएस मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लावतं, पण चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. जूनच्या पहिल्या सरीत, रंगवलेल्या झेब्रा पट्ट्यांवर आणि मेट्रोच्या कामाच्या चिखलात फरक तिथेच पडतो. १२५ मध्येच राहायचं असेल तर हिरो एक्स्ट्रीम १२५आर सारख्या काही गाड्या एबीएससह मिळतात. म्युझिक सिस्टीमसारख्या मीटरवर पैसे घालण्याआधी ते बघा.

एकट्यानेच जाऊन ठरवणं

बायको, आई किंवा मुलगी मागे बसणार असेल तर तिला शोरूममध्ये न्या. स्प्लिट सीट फोटोत छान दिसते. साडी नेसून एका बाजूला बसणारीला मात्र त्या टोकावर धरायला काहीच सापडत नाही. फूटरेस्ट किती उंच आहेत, गुडघे दुमडतात का, हे दोन मिनिटं बसल्यावरच कळतं. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची सोय केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ती 'ॲक्सेसरीज किट'मध्ये घालून कोणी पैसे लावत असेल तर विचारा.

वजनही तसंच. शाइन १२५ साधारण ११३ किलोची आणि युनिकॉर्न १४० च्या घरात. चालताना जाणवत नाही, पण सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमधून उलटी काढताना चांगलंच जाणवतं.

फक्त हप्ता विचारणं

ऐंशी हजारांचं कर्ज, दहा टक्के 'फ्लॅट', तीन वर्षं. हप्ता २,८८९ रुपये, ऐकायला बरा वाटतो. पण फ्लॅट म्हणजे फेडून टाकलेल्या मुदलावरही व्याज चालूच. घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. कोटेशनवर 'हँडलिंग चार्जेस' दिसले तर कशाचे ते लेखी मागा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर तो पुन्हा घ्यायची सक्ती नाही, तेही सांगा.

पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी हवी असेल तर नंबर टाकण्याचं आणि तपासणीचं काम दोन दिवस आधी उरका. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये जत्रा असते, चेन किती ढिली आहे हे बघायला कोणालाच वेळ नसतो. फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेटवर गाडी कुठल्या महिन्यात, कुठल्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. पेढे वाटण्याआधी ते वाचा.

गाडी घेतल्यावरच्या तक्रारी

"ॲव्हरेज पडलं" ही पहिली. सर्व्हिस सेंटरशी भांडण्याआधी टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, तीनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करा. मीटरवरचा आकडा अंदाजाचा असतो. तरीही कमी भरलं तर आधी टायरमधली हवा बघा, मग मागचा ड्रम ब्रेक घासतोय का ते. गाडी डबल स्टँडला लावून चाक हाताने फिरवलं की कळतं. दोन्ही ठीक असेल तर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय तपासा.

"गचके मारते" ही दुसरी, आणि ती पावसाळ्यात जास्त ऐकू येते. बहुतेकदा कोरडी किंवा ढिली पडलेली चेन. मधोमध दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक, त्याहून जास्त असेल तर ताणून घ्या.

तिसरी तक्रार जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीवरून आलेल्यांची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला रिझर्व्हचा कॉक नसतो आणि पेट्रोल पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यावरच तो थंड राहतो. दर महिन्याच्या शेवटी शंभराचं पेट्रोल टाकून काटा तळाशी घासत नेलात तर एक दिवस तो पंप बसतो. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्का मारूनही गाडी सहसा सुरू होत नाही, कारण इंजेक्टरलाही वीज लागते आणि पंपालाही. त्यामुळे किक असलेलं मॉडेल मिळत असेल तरी तिच्या भरवशावर बॅटरी ताणू नका. गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल तर अधूनमधून सुरू करायला शेजाऱ्याला चावी देऊन जा.