न्हाणीतल्या बंबाला धुराडं बसवताना

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की बंब अंगणात पेटवायचं नावच नको, म्हणून आम्ही तो न्हाणीत आणला आणि कौलातनं धुराडं वर काढलं. पहिल्या खेपेला चुकलं, तेच सांगतो.

त्याआधी एक. धुराडं असलं तरी दार-खिडकी बंद करून पेटत्या बंबाशेजारी अंघोळ करायची नाही. धूर डोळ्याला झोंबतो म्हणून कळतंय तरी, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. धूर सरून नुसता निखारा राहिला की आपण म्हणतो बरं झालं, आणि हा विषारी वायू तर निखाऱ्यातनंच जास्त सुटतोय! डोकं जड झालं, मळमळलं, तर साबण अंगावर असला तरी पहिलं बाहेर या. भिंतीत खाली जाळीचा झरोका ठेवा, हवा वरनं जायची तर खालनं आत यायला नको काय?

आता पाईप. बंबाच्या नळीचं तोंड चार इंची असेल तर पाईप चार इंचीच, कमी नाही. पीव्हीसी तर नकोच, सिमेंटचा पाईपही तापून तडकतोय. जाड एमएस (साधं पोलाद) किंवा स्टेनलेस घ्या. शक्यतो सरळ वर न्या, एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, दोनपेक्षा जास्त नको, आडवा तुकडा असेल तर फुटाला पाव इंच चढ द्या.

आमची चूक जॉइंटमध्ये झाली. वेल्डिंगवाल्यानं कौलांसारखा वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरनं बसवला, दिसायला बरोबर वाटतंय, पण धुरातनं आत साचलेला डांबरासारखा चीक ओघळत प्रत्येक जॉइंटातनं बाहेर आला, नव्या चुन्याच्या भिंतीवर काकवी सांडल्यागत. वरचा तुकडा खालच्याच्या आत जायला पाहिजे, प्रत्येक जॉइंटाला तीन स्क्रू. मग पावसाचं काय? म्हणून कौलाच्या वरचा भाग एकाच अखंड पाईपचा घ्यायचा, जॉइंटच नको.

कौलात नुसतं भोक पाडून भागत नाही. एकेरी पत्र्याचा पाईप आणि लाकूड यात दीड फूट अंतर पाहिजे, आणि कौलांखालच्या लाकडी रिपा तर त्याहून जवळ जवळ असतात, तेव्हा तेवढ्यातल्या रिपा कापून लोखंडी अँगलची चौकट घाला, वर पत्र्याची झालर. रोज तापून तापून लाकूड कोरडं पडतंय आणि मग कमी उष्णतेलाही पेट घेतंय. उंची म्हणाल तर कौलातनं निघतो तिथनं तीन फूट, शिवाय दहा फुटांच्या आत आढं किंवा माडी असेल तर तिच्याही वर दोन फूट, नाहीतर वारा धूर परत खाली दाबतो. टोपी हवीच, पण पाईपच्या तोंडाला टेकवू नका, धूर घुसमटतो.

लाकूड सहा महिने तरी वाळलेलं. ओलं घातलं की धूर गार, चीक जास्त. काजूची टरफलं तर घालूच नका, त्यातलं तेल लई चिवट आणि धूर घशाला लागतोय.

पावसाआधी आणि दिवाळीआधी ब्रशनं साफ करा, मधे चिकाचा तीन मिलिमीटर थर दिसला तर तेव्हाच. नाही केलं तर एक दिवस पाईपातनं लोंढ्याची रेल्वेगाडी चालल्यासारखा घरघराट येईल, म्हणजे आतला चीक पेटला. बंबाचं खालचं तोंड बंद करायचं, पाईपात पाणी अजिबात ओतायचं नाही, सगळ्यांना बाहेर काढून फायरब्रिगेडला फोन लावायचा.